खर्जातला एप्रिल

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. मुलांच्या परीक्षा सुरू आहेत, कृपया टीव्हीचे आवाज कमी ठेवावेत, आणि पुढे जोडलेले हात. मेसेजमध्ये नाव कुणाचंच नसतं, पण तो आमच्यासाठी असतो हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. बाळकुमच्या या चौदाव्या मजल्यावर माझे वडील दुपारभर अंतराळातले इंग्रजी पिक्चर बघतात, आणि त्यांना आवाज कमी ठेवायला सांगणं म्हणजे बंदच करायला सांगणं. यंदाही लिफ्टमध्ये तेराव्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलं. "अगं, काय चालतं गं तुमच्याकडे? धूम धूम, धूम धूम. आमच्या कपाटातल्या वाट्या वाजतात." म्हटलं, "काकू, पृथ्वीचा नाश चालू असतो. रोज दोन ते चार." त्या हसल्या नाहीत. त्यांचा नातू चौथीत आहे, त्याची परीक्षा होती.

चेष्टा करते, पण हा महिना मला सोसत नाही. उकाड्याचं काही नाही, उकाडा सगळ्यांनाच असतो. एप्रिलमध्ये जयंतीची तयारी सुरू होते, निळे झेंडे लागतात, माजिवड्याच्या पुलाखालून स्पीकरच्या भिंती लादलेले टेम्पो जातात. त्यांचा आवाज कानाच्या आधी पोटात शिरतो. तो पोटात शिरला की मी पुन्हा वागळे इस्टेटच्या मागच्या चाळीत असते. बारावी झालेली, सीईटी महिन्यावर आलेली, आई आजारी, आणि पप्पा आयुष्यात पहिल्यांदाच दिवसभर घरी. त्या एप्रिलला अठरा वर्षं झाली.

पप्पा पॉवर प्रेसवर होते. पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा, वरून ठोका, पुन्हा पत्रा. अशी बारा मशिनं एका शेडमध्ये. प्रेसवरच्या माणसांची बोटं जातात, म्हणून तिथं जुना माणूस भेटला की आधी हात बघायची पद्धत होती. पप्पा दोन्ही पंजे पसरून दाखवायचे, "दहाच्या दहा." त्यांना त्याचा फार अभिमान. बोट तुटलं की शेड थांबायची, लोक धावायचे, रिक्षा यायची. कान जाताना काहीच थांबत नाही. तो रोज थोडाथोडा जातो आणि ज्याचा जातो त्यालाही वाटतं की हल्ली लोकच पुटपुटायला लागलेत.

त्यांना अगदीच ऐकू येत नव्हतं असं नाही. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. बारीक, वरचे आवाज आधी गेले. कुकरची शिट्टी गेली, दाराची बेल गेली, बायकांचं बोलणं गेलं, मग लहान मुलांचं. उरलं ते जाडं, खालचं. ट्रकचं इंजिन, ढग, ढोल. आणि हे कुणाला कळू नये म्हणून त्यांच्या शेडमधल्या सगळ्याच माणसांनी एक युक्ती केलेली होती. समोरचा काही बोलला की हसून मान हलवायची आणि म्हणायचं, "हो, हो." लग्नात हो हो, रेशनच्या दुकानात हो हो. आई म्हणायची, "ह्यांना विचारा, तुमच्या घराला आग लागली का, तर म्हणतील, हो हो, आपल्या कृपेने." ती मात्र त्यांच्या डाव्या खांद्याशी उभी राहून त्यांच्या वतीने सगळ्यांना उत्तरं द्यायची. नवरा बहिरा आहे असं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. "ते कमी बोलतात," एवढंच.

शेड बंद झाली तेव्हा पप्पांनी घरी एकच वस्तू आणली. कल्याणला आईच्या माहेराकडच्या एका माणसाचा जयंतीला स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. त्याच्याकडचा एक जुना, कापड फाटलेला बेसचा डबा पप्पा टेम्पोत टाकून घेऊन आले. दहा बाय बाराच्या खोलीत तो फ्रिजपेक्षा जास्त जागा खायचा. आईने दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर तांदळाचा डबा ठेवला. "आणलाय तर काहीतरी उपयोग होऊ दे." मी त्याची वायर डीव्हीडी प्लेअरला जोडली. अभ्यासातून डोकं वर काढायचं म्हणून मी दुपारी अंतराळातले पिक्चर बघायचे, डोंबिवलीच्या मैत्रिणीकडून आणलेल्या डिस्क, पाच पिक्चर एकात. भाषा मला अर्धी कळायची. पप्पांना कुठलीच कळत नव्हती, म्हणून ते कधी बघायला बसत नसत.

एका दुपारी ते तांदूळ काढायला उठले, बेसच्या डब्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. पडद्यावर कुठलंसं यान अंधारातून सरकत होतं. एकही माणूस दिसत नव्हता, कुणी बोलत नव्हतं, फक्त खाली वाद्यवृंद वाजत होता. जाडी तंतुवाद्यं, ती माणसाएवढाली पितळी वाद्यं, मोठे नगारे. पप्पा लाकडी खोक्यावर दोन्ही पंजे पसरून उभे होते, दहाच्या दहा बोटं. "हे मला ऐकू येतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जणू मी खोटं ठरवणार असल्यासारखं, "खरंच येतंय, सुजू. सगळं येतंय." त्यांच्या आवाजात अशी काही खुशी होती की आई स्वयंपाकाच्या ओट्यापासून वळून बघायला लागली. तिचे डोळे भरले आणि ती लगेच म्हणाली, "कांदा."

तेव्हापासून आम्ही तिघंही बघायला लागलो. मराठी मालिका पप्पांना शिक्षा वाटायच्या, सगळी माणसं नुसती तोंडं हलवतात. या पिक्चरांत बोलणं कमी, आणि जे होतं ते आम्हा तिघांनाही धड कळत नव्हतं. बहिरा, अर्धी आणि अडाणी, असा आमचा समसमान प्रेक्षकवर्ग होता. मी एकदा त्यांना सांगितलं की खरं म्हणजे अंतराळात हवा नसते, त्यामुळे आवाजच नसतो. ओरडून सांगितलं, दोनदा. ते विचारात पडले. मग म्हणाले, "म्हणजे तिकडं सगळेच माझ्यासारखे." आणि मोठ्याने हसले.

त्यांचं ते वाक्य मी नंतर खूप घोळवलं. जिथं आवाजच नाही तिथं सर्वांत मोठा वाद्यवृंद लावायची ही कुठली रीत? पण दुसरं करणार काय? गावातल्या, घरातल्या गोष्टीत झाड असतं, पाऊस असतो, शेजारीण असते, आपल्याला काय वाटायला हवं ते त्यांच्याकडून कळतं. तिकडे काहीच नाही. तो काळोख नुसता दाखवला तर आपल्याला झोप येईल. मग कुठल्याशा हॉलमध्ये ऐंशी-नव्वद माणसं बसतात, एकदम छाती भरून घेतात आणि फुंकतात. त्या निर्वात जागेत जो श्वास ऐकू येतो तो त्या वाजवणाऱ्यांचा असतो. मला तर वाटतं म्हणूनच तिथं रडू येतं. पडद्यावरचा हिरो मेला तर मला फारसं काही होत नाही. पण एवढ्या प्रचंड रिकामेपणात कुणीतरी माणसं मिळून वाजवतायत, या गोष्टीने मी मोडते.

आणखी एक गोष्ट मला त्याच महिन्यात कळली. या संगीताचे दोन मजले असतात. वर व्हायोलिनं, बासऱ्या, कधी बायकांचा गाणारा घोळका. खाली खर्ज. भीती खालून येते आणि दिलासा वरून. यान कोसळणार असतं तेव्हा खालचं वाजत असतं, आणि कोसळलं तरी काहीतरी शिल्लक राहील असं सांगायला वर एखादं व्हायोलिन एकच सूर लांबवत असतं. मी पप्पांना म्हणायचे, "आता वरचं ऐका." ते म्हणायचे, "कुठलं वरचं?" त्यांच्या वाट्याला फक्त तळमजला आलेला. म्हणजे माझे वडील जे संगीत इतकं जीव लावून ऐकायचे, त्यातला धोका सगळा त्यांना ऐकू यायचा आणि सांत्वन एक अक्षर नाही. हे तेव्हा मला गमतीचं वाटलं होतं. अठराव्या वर्षी माणसाला कशाचीही गंमत वाटते.

जयंतीच्या दिवशी आई पांढरी साडी नेसून सकाळपासून उन्हात उभी होती. संध्याकाळी अंगात ताप होता. उन्हाचा असेल म्हणून दोन दिवस अंगावर काढला, मग थंडी वाजून दात वाजायला लागले, आणि तिला ॲडमिट केलं. किडनीत इन्फेक्शन आहे, ते रक्तात पसरतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला सांगितलं, कारण आता पप्पांच्या डाव्या खांद्याशी मी उभी होते. आईने खाटेवरूनच मला ताकीद दिलेली, "ह्यांना एकटं पाठवू नकोस गं. कुणी काही विचारलं तर हो म्हणून बसतील." मी दोन्ही वेळा बरोबर जायचे. सकाळी पेज घेऊन, संध्याकाळी भेटायच्या वेळेला. औषधांचा तो वास केसांत राहायचा आणि रात्री उशीवरून पुन्हा नाकात यायचा. मला तिथं जायचा कंटाळा येऊ लागला होता. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. आई मरेल असं मला एकदाही वाटलं नाही, म्हणून कंटाळा येऊ शकला.

आठव्या की नवव्या दिवशी सकाळी मी पप्पांना म्हटलं, "आज तुम्ही जाऊन या, मला टेस्ट पेपर सोडवायचाय." पेपर नव्हता. मला झोपायचं होतं. पप्पा डबा घेऊन गेले आणि एकच्या सुमाराला परत आले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी ओरडून विचारलं, "काय म्हणाले?"

"हो," ते म्हणाले. "बरंय. संध्याकाळी जाऊ."

त्यांनी तोंड धुतलं. मी जेवायला वाढलं, ते दोन घास खाऊन उठले. मग मी नवी डिस्क उचलून दाखवली आणि खुणेने विचारलं, लावू?

"हो," पप्पा म्हणाले.

दार लोटलं, खिडकीवर ओली चादर टाकली. पिक्चर एका म्हाताऱ्या यानाचा होता. त्याची वीज संपत आलेली असते म्हणून आतली माणसं एकेक खोली बंद करत जातात. जेवणाची खोली, झाडांची खोली, झोपायची. प्रत्येक खोलीचा दिवा गेला की वाद्यवृंदातलं एकेक वाद्य गप्प व्हायचं. फार सुंदर केलं होतं ते. शेवटी वर एक व्हायोलिन राहिलं आणि खाली एक खर्जाचा सूर, आणि तो सूर खोक्यातून, फरशीतून माझ्या मांडीत येत होता. मी आवाज आणखी वाढवला. पप्पांकडे पाहिलं तर ते खोक्याला दोन्ही पंजे लावून बसलेले आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मला वाटलं, संगीताची ताकद बघा! प्रेसवरचा माणूस, सातवी नापास, आणि परदेशातल्या कुणीतरी वाजवलेल्या एका सुराने लहान मुलासारखा रडतोय. मला अभिमान वाटला, त्यांचा आणि आपण त्यांना हे दिलं म्हणून स्वतःचाही.

पिक्चर संपल्यावर फळीवरचा मोबाईल बघितला. पाच मिस्ड कॉल, सगळे वॉर्डमधून. पहिला पावणेतीनचा. त्या आवाजात घरातल्या दोन माणसांपैकी एकाला फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं आणि दुसरीने तो ऐकू येऊ दिला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा चादर तोंडावर घेतलेली होती. पप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, पुढे गेले नाहीत. सिस्टरने मला बाजूला घेतलं. ती चिडलेली नव्हती, दमलेली होती. "सकाळीच सांगितलेलं मी तुमच्या वडिलांना. आज हलू नका इथून, मुलीला बोलवून घ्या, पेशंटचं काही खरं नाही. ते हो हो म्हणाले आणि निघून गेले. असं कसं हो?" मी पप्पांकडे बघितलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती. त्या क्षणी मी जे ठरवलं ते आयुष्यात ठरवलेली पहिली मोठी गोष्ट. मी सिस्टरला म्हटलं, "त्यांना ऐकू येत नाही. प्लीज, हे त्यांना कधी सांगू नका."

मी कुणालाच सांगितलं नाही. घरी बुद्धवंदना झाली तेव्हा पप्पा ओठ हलवत होते, सगळ्यांच्या एक शब्द मागे. कल्याणच्या मावशीने सगळ्यांदेखत विचारलं, "पाच वेळा फोन वाजला, तू काय करत होतीस?" मी म्हटलं, "पिक्चर बघत होते." तिने माझ्याकडे जे बघितलं ते बघणं अजून संपलेलं नाही. माझ्या लग्नाला ती आली, फुलं टाकली, जेवली नाही. पप्पांना ऐकू आलं नाही आणि म्हणून आई एकटी गेली, हे त्यांना कळलं असतं तर ते जगले नसते असं मला वाटायचं. त्यापेक्षा मला फोन ऐकू आला नाही, हे सोपं. मी तरुण होते, माझ्या अंगावर मावत होतं. सीईटी दिली, हवं ते मिळालं नाही, जे मिळालं त्यात शिकले. आता वागळेतच एका काचेच्या बिल्डिंगमध्ये नोकरी करते. पप्पांची शेड तिथून दोन गल्ल्या पलीकडे होती. आमच्या मजल्यावर एसीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही.

कानाच्या मशीनला पप्पा इतकी वर्षं नाही म्हणत आले. "कशाला? काय ऐकायचंय आता?" माझ्या नवऱ्याने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. या एप्रिलमध्ये मीच हात टेकले आणि सोसायटीचा मेसेज त्यांना वाचून दाखवला. का कोण जाणे, तयार झाले. मशीन लावल्यावर पहिले दोन दिवस ते दचकतच होते. प्लॅस्टिकची पिशवी एवढी वाजते? कुकर अंगावर आल्यासारखा का ओरडतो? नळाखाली हात धरून नुसते उभे राहायचे.

रविवारी दुपारी त्यांनी पिक्चर लावला, आवाज निम्म्यावर. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "सुजू, हे वरचं काय वाजतंय?"

"व्हायोलिन."

"हे आधीपासून असायचं?"

"सगळ्या पिक्चरांत असतं, पप्पा."

ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर आनंद काही दिसेना. मग त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंदच केला.

"त्या दिवशी सकाळी सिस्टरने मला सांगितलेलं," ते म्हणाले.

अठरा वर्षं मी याच वाक्याला भीत आले होते. उत्तर कधीचं तयार होतं. "माहितीये मला. तुम्हाला ऐकू आलं नाही. त्यात तुमची काय चूक?"

"आलेलं ऐकू." ते माझ्याकडे बघत नव्हते. "ती कानाशी तोंड आणून बोलली. मी हो म्हटलं, तर परत बोलली. तिला माझं हो पटलं नसणार."

माझ्या हातात नवऱ्याचा शर्ट होता. तो मी तसाच धरून ठेवला.

"तुझी आई झोपलेली. उठली असती आणि म्हणाली असती, काय म्हणतेय सिस्टर, तर मी काय सांगणार होतो? तिला खोटं सांगता यायचं नाही मला, ती लगेच ओळखायची. मला बसवेना तिथं. म्हटलं, पोरीला घेऊन येतो. उन्हात सगळा रस्ता तुला काय सांगायचं तेच जुळवत होतो. संध्याकाळी जाऊ म्हटलं ते उगीच, तोंडाला आलं म्हणून. घास उतरेना. मग तू विचारलंस, लावू का. मला वाटलं, पाच मिनिटं. पाच मिनिटं बसू आणि मग सांगू."

मला राग आला. एवढा राग मला आजवर कुणाचाच आला नव्हता. आई गेली त्याचा नाही, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण मावशीचं ते बघणं, लग्नातलं तिचं न जेवणं, माझ्या प्रत्येक एप्रिलमधले ते पाच मिस्ड कॉल, हे सगळं मी ज्यांच्यासाठी अंगावर घेतलं ते समोर बसून बघत होते, त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी मला ते घेऊ दिलं. आणि त्याच वेळी मला त्यांचे ते खोक्याला लावलेले दोन पंजे दिसत होते. ज्या रडण्याचं श्रेय मी संगीताला दिलं होतं ते कशाचं होतं हे मला आत्ता कळत होतं.

"बोल काहीतरी," पप्पा म्हणाले. "शिव्या दे. मला आता सगळं ऐकू येतं."

वॉर्डात आईच्या शेजारच्या खाटेवर तेव्हा एक म्हाताऱ्या बाई होत्या. चादर ओढायच्या आधी आईचं काय चाललं होतं ते त्यांनी मला जिन्यापर्यंत येऊन सांगितलं होतं. ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पप्पांशी मी जन्मभर ओरडूनच बोलत आले, पण त्या दुपारी ओरडायचं काही कारण नव्हतं.

मी हळू आवाजात म्हटलं, "ती तुम्हालाच हाका मारत होती, पप्पा. दोन तास."

त्यांना ऐकू आलं.